वेगाची नव्हे, वैराची गोडी

मोटारींच्या शर्यतींना खेळ म्हणावे की श्रीमंतांची चैन, याविषयी आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या मनाचा अजून निश्चय झालेला नाही. सरकारच्या मनाचाही तो कधी झाला नव्हता. 2011 साली दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथील बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली, तेव्हा उत्तर प्रदेश सरकारने तिची गणना खेळात न करता करमणुकीत केली आणि त्या अनुषंगाने कराचा वाद उभा राहिला. तीन वर्षे शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या, आणि 2013 नंतर हा तांडा आपल्या देशाकडे फिरकला नाही. शर्यत गेली, पण तिचा नाद गेला नाही. महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणि कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत सोमवारी सकाळी कोणी कोणाला कोणत्या वळणावर अडवले याची चर्चा ऐकू येते, आणि ती हिरिरीने करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शर्यतीची मोटार प्रत्यक्षात कधी पाहिलेलीही नसते.

या मंडळींना नेमके काय मिळते, असा प्रश्न त्यांच्या वडीलधाऱ्यांना पडतो आणि तो गैरवाजवी नाही. वीस-बावीस मोटारी दोन तास एकाच वाटेने गरगर फिरतात. पुढे कोण आणि मागे कोण हे पडद्याच्या कडेला लिहिलेले नसेल तर कळत नाही. शिवाय यात माणसाचे कर्तृत्व किती आणि यंत्राचे किती? हा आक्षेप तर मान्यच करावा लागेल. सामान्य मोटार हाती आली तर असामान्य चालकही मागेच राहतो. आपला नारायण कार्तिकेयन 2005 साली जॉर्डन संघाकडून या शर्यतींत उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्या वर्षी इंडियानापोलिस येथे तो चौथा आला खरा; परंतु टायरच्या वादामुळे त्या दिवशी प्रत्यक्षात सहाच मोटारी धावल्या होत्या, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. इंधनाच्या नासाडीचा आक्षेपही खोटा नाही. मात्र शर्यतीत जळते त्याच्या कितीतरी पट इंधन हा सारा पसारा एका खंडातून दुसऱ्या खंडात हलविण्यात खर्च होते, तेव्हा दोष द्यायचाच तर तो चालकाच्या उजव्या पायाला देऊन चालणार नाही.

एवढे सगळे मान्य करूनही माणसे या खेळाच्या नादी लागतात. ती इंजिनाच्या अभ्यासातून लागत नाहीत. यंत्राचे ज्ञान पुढे येते, पुष्कळांना कधीच येत नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. कुस्तीच्या फडात शिरलेला अनोळखी माणूससुद्धा दोन पैलवानांपैकी एकाची बाजू मनातल्या मनात घेतोच, आणि बाजू घेतल्याबरोबर त्याला कुस्ती दिसू लागते. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच ‘मानापमाना’त उभे राहिले, तेव्हा लोटलेली गर्दी केवळ नाटकाची नव्हती, ती दोन पक्षांचीही होती. मोटारशर्यतीचा रसिक असाच घडतो. दोन चालकांमधील चुरस हे या खेळाचे महाद्वार आहे, आणि त्यातून आत जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. ज्या चुरशीवर आपण जीव टाकतो ती चुरस कोणत्या जातीची आहे, आणि तिला टाळी देताना आपण नेमकी कशाला टाळी देत आहोत?

या प्रश्नाचा विचार करताना ॲलन प्रॉस्ट आणि आयर्टन सेन्ना यांच्यापासून आरंभ करावा लागतो. फ्रान्सचा प्रॉस्ट हिशेबी, संयमी, टायर आणि इंधन जपून शेवटी पुढे येणारा. त्याला ‘प्राध्यापक’ हे टोपणनाव पडले होते ते उगाच नव्हे. ब्राझीलचा सेन्ना त्याच्या अगदी उलट प्रकृतीचा. एकाच फेरीत सारे पणाला लावणारा, पावसात इतरांची त्रेधा उडत असताना खुलणारा, आणि आपल्या यशामागे ईश्वरी अधिष्ठान आहे अशी श्रद्धा बाळगणारा. 1988 साली हे दोघे मॅक्लारेन संघात एकत्र आले. त्या वर्षीच्या सोळा शर्यतींपैकी पंधरा या संघाने जिंकल्या, आठ सेन्नाने आणि सात प्रॉस्टने. वर्षभराच्या गुणांची सरळ बेरीज केली तर प्रॉस्टचे 105 आणि सेन्नाचे 94 भरत. परंतु त्या काळच्या नियमानुसार प्रत्येकाच्या सर्वोत्तम अकरा निकालांचेच गुण धरले जात, आणि त्या हिशेबाने सेन्ना 90 विरुद्ध 87 असा विश्वविजेता ठरला. परीक्षेच्या गुणपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकवर्गाला या प्रकारातील खोच वेगळी सांगायला नको. हिशेबात मुरलेला माणूस हिशेबाच्या नियमानेच हरला.

पुढल्या वर्षी दोघांमधील बोलणे बंद झाले. 1989 सालची जपानमधील सुझुका येथील शर्यत जिंकल्यावाचून सेन्नाला अजिंक्यपदाची आशा नव्हती. शर्यत संपण्यास थोड्या फेऱ्या उरल्या असताना त्याने एका अरुंद नागमोडी वळणावर आतल्या बाजूने मोटार घातली, प्रॉस्टने दार लावले, आणि दोन्ही मोटारी एकमेकींत अडकून थांबल्या. प्रॉस्ट उतरून चालता झाला. सेन्नाने मार्गावरील सेवकांकडून मोटार ढकलून घेतली, ती पुन्हा सुरू केली, मोडलेले नाक बदलून घेतले आणि शर्यत जिंकली. मात्र ते वळण गाळून पलीकडे गेल्याबद्दल त्याला बाद ठरविण्यात आले आणि अजिंक्यपद प्रॉस्टकडे गेले. 1990 साली त्याच सुझुकात हिशेब उलटा होता. प्रॉस्ट आता फेरारीकडे होता आणि तो गुण न मिळवता बाहेर पडला तर सेन्ना विजेता ठरणार होता. सेन्नाने पहिले स्थान मिळविले, पण ते रस्त्याच्या धुळकट बाजूला होते. ते बदलावे ही त्याची मागणी मान्य झाली नाही. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर, ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने, सेन्नाने आपली मोटार प्रॉस्टच्या मोटारीवर घातली. दोघेही वाळूत गेले आणि सेन्ना विश्वविजेता झाला. हे आपण ठरवून केले, असे पुढच्या वर्षी त्याने स्वतःच सांगून टाकले.

सेन्नाच्या भक्तांना आजही हे वर्तन समर्थनीय वाटते. आदल्या वर्षी झालेल्या अन्यायाची ती परतफेड होती, असे ते म्हणतात. अन्याय झाला होता की नाही हा वादाचा विषय आहे. परंतु मागे बाकीच्या मोटारी पूर्ण वेगाने येत असताना पुढच्या माणसावर जाणूनबुजून आदळणे याला परतफेड म्हणता येणार नाही. त्या दिवशी कोणी दगावले नाही, हे केवळ दैव. सेन्नाइतका उपजत प्रतिभेचा चालक झाला नाही असे मानणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही आहे. म्हणूनच सुझुकाच्या त्या वळणाला पराक्रमाच्या यादीत घालण्याचा आग्रह त्याला खटकतो.

या वैराचा शेवट मात्र कोणाच्या कल्पनेत बसला नसता. 1993 साली प्रॉस्टने विल्यम्सच्या मोटारीतून चौथे अजिंक्यपद मिळविले आणि निवृत्ती जाहीर केली. ॲडलेड येथील त्याची शेवटची शर्यत सेन्नाने जिंकली, प्रॉस्ट दुसरा आला, आणि बक्षिसाच्या चौथऱ्यावर सेन्नाने त्याला हात धरून आपल्या शेजारी सर्वांत वरच्या पायरीवर ओढून घेतले. पुढच्या वसंतात, इमोला येथे, सेन्नाने धावत्या मोटारीतून फ्रेंच दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांशी बोलताना तेथे समालोचक म्हणून आलेल्या आपल्या या जुन्या शत्रूला अभिवादन केले आणि त्याची उणीव भासत असल्याचे सांगितले. 30 एप्रिल 1994 रोजी त्याच मार्गावर ऑस्ट्रियाचा रोलंड रॅट्झेनबर्गर ठार झाला. 1 मे रोजी सेन्ना गेला. तो चौतीस वर्षांचा होता. साओ पावलो येथे त्याच्या पार्थिवाला खांदा देणाऱ्यांमध्ये प्रॉस्ट होता.

हे वाचून कोणी म्हणेल की वैर वरवरचे होते आणि आत स्नेह होता. तसे मुळीच नव्हते. वैर खरे होते, कडवट होते आणि काही वेळा क्षुद्रही होते. परंतु आपल्याला खऱ्या अर्थाने ओळखणारा माणूस जगात हा एकच आहे, ही जाणीवही तेवढीच खरी होती. आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी निघून गेला म्हणजे विजेत्याला काय वाटते, याचे उत्तर इमोलाच्या त्या चार शब्दांत मिळते.

जुन्या काळी असे नव्हते, त्या काळचे चालक सभ्य होते, असे म्हणण्याची एक पद्धत आहे. तिला आधार नाही असे नाही. 1956 साली मोंझा येथे पीटर कॉलिन्स या तरुण इंग्रज चालकाला स्वतः विश्वविजेता होण्याची संधी होती. तरी त्याने आपली धावती मोटार थांबवून ती संघातील ज्येष्ठ सहकारी फँजिओ याच्या स्वाधीन केली आणि अजिंक्यपद फँजिओला मिळाले. 1958 साली पोर्तुगालमध्ये माइक हॉथॉर्नला पंच बाद ठरविणार होते, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस याने त्याच्या बाजूने साक्ष दिली. हॉथॉर्नचे गुण वाचले आणि वर्षअखेर तो मॉसपेक्षा एका गुणाने पुढे राहून विश्वविजेता ठरला. त्या वर्षी मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉसला ते पद पुढे कधीच लाभले नाही. या गोष्टी थोर आहेत. परंतु त्याच काळात चालक ज्या संख्येने मरत होते ते विसरून त्या काळाची आरती करणे बरे नव्हे. कॉलिन्स 1958 सालीच शर्यतीत ठार झाला. 1955 साली ल मान्स येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली आणि स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदी घातली. सौजन्य होते, पण जीव स्वस्त होता.

जीव आणि अजिंक्यपद यांची तुलना करण्याची वेळ ज्याच्यावर खरोखर आली, त्याची कथा 1976 सालची आहे. निकी लाउडा आणि जेम्स हंट यांची ती चुरस 2013 सालच्या ‘रश’ या चित्रपटामुळे आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक झाली. 1 ऑगस्ट रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगवर लाउडाच्या फेरारीने पेट घेतला. मागून आलेल्या चार चालकांनी आपल्या मोटारी सोडून त्याला आगीतून ओढून काढले. इस्पितळात धर्मगुरूने त्याचे अंत्यसंस्कारही उरकले होते. सहा आठवड्यांनी तो मोंझा येथे, डोक्यावरच्या जखमा भरलेल्या नसताना, पुन्हा मोटारीत बसला आणि चौथा आला. येथपर्यंतची कथा सर्वजण भक्तिभावाने सांगतात. खरा प्रसंग त्यापुढे आहे. 24 ऑक्टोबर रोजी जपानमध्ये फुजी येथे शेवटची शर्यत होती. लाउडा हंटपेक्षा तीन गुणांनी पुढे होता. धो धो पाऊस, समोर धुके, रस्त्यावर पाण्याचे लोट. दोन फेऱ्या झाल्यावर लाउडाने मोटार आत आणली आणि तो उतरला. हे धोक्याचे आहे, मी चालवणार नाही, असे त्याने सांगितले. यंत्रात बिघाड झाला असे जाहीर करण्याची तयारी संघाच्या मंडळींनी दाखविली. त्याने ती नाकारली. हंट तिसरा आला आणि 69 विरुद्ध 68 अशा एका गुणाने विश्वविजेता झाला.

इटलीतील वृत्तपत्रांतून त्या वेळी लाउडावर भित्रेपणाचा आरोप झाला. हंटने तो कधी केला नाही. दोघे तरुणपणापासूनचे मित्र होते. मोंझाला परत येण्यात जे धैर्य होते त्याहून फुजीला उतरण्यात अधिक होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण पहिल्या धैर्याला लाखो टाळ्या होत्या आणि दुसऱ्याला एकही नव्हती. लाउडाने पुढे 1977 आणि 1984 साली अजिंक्यपद पुन्हा मिळविले. त्यांपैकी दुसरे प्रॉस्टपेक्षा अवघ्या अर्ध्या गुणाने.

आता अलीकडचे पाहू. 2021 साली लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन यांनी जे वर्ष गाजविले त्याने लक्षावधी नवे प्रेक्षक या खेळाला मिळवून दिले. आपल्याकडील तरुण रसिकांपैकीही पुष्कळजण त्याच वर्षाचे. सिल्व्हरस्टोनला दोघे भिडले, व्हर्स्टॅपन भिंतीवर जाऊन आदळला आणि त्याला इस्पितळात न्यावे लागले. दंड होऊनही हॅमिल्टनने ती शर्यत जिंकली. मोंझाला व्हर्स्टॅपनची मोटार हॅमिल्टनच्या मोटारीवर चढली. 2018 पासून सक्तीची झालेली डोक्यावरची धातूची कमान नसती, तर त्या चाकाखाली काय सापडले असते हे सांगायला नको. शेवटच्या शर्यतीला दोघे 369.5 अशा अगदी समान गुणांनी अबुधाबीत उतरले. हॅमिल्टन पुढे होता. थोड्या फेऱ्या उरल्या असता निकोलस लातिफीची मोटार आदळली, सर्वांना संथ गतीने एका रांगेत चालविणारी सेफ्टी कार आली, आणि शर्यतीचे संचालक मायकेल मासी यांनी मागे पडलेल्या सर्व मोटारींना पुढे जाऊ देण्याऐवजी या दोघांच्या मधल्या पाचच मोटारींना वाट मोकळी करून देऊन शेवटच्या एका फेरीसाठी शर्यत सुरू केली. नव्या टायरवरच्या व्हर्स्टॅपनने जुन्या टायरवरच्या हॅमिल्टनला गाठले. मासी यांना पुढे त्या पदावरून दूर करण्यात आले. मानवी चूक झाली, परंतु निकाल कायम आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्च 2022 मध्ये दिला.

यात व्हर्स्टॅपनचा दोष नाही. समोर आलेली संधी त्याने घेतली आणि फार सुरेख घेतली. दोष आहे तो शर्यत सेफ्टी कारच्या मागे संपू नये, प्रेक्षकांना शेवटची फेरी मिळालीच पाहिजे, या हव्यासाचा. अन् हा हव्यास एकट्या मासींचा नव्हता. प्रेक्षक म्हणून तो आपलाही आहे. नाट्य हवे म्हणून नियम वाकवला, की ज्या नियमामुळे नाट्याला किंमत येते तोच नियम जातो. सुझुकाच्या 1988 सालच्या हिशेबावर प्रॉस्टने कुरकुर केली असेल, पण तो हिशेब हंगामापूर्वी सर्वांना ठाऊक होता. अबुधाबीचा नियम शेवटच्या फेरीपूर्वी कोणालाच ठाऊक नव्हता.

चुरस कृत्रिम रीतीने वाढविण्याचा दुसरा कारखाना आता पडद्यावर आहे. नेटफ्लिक्सवरील ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ ही मालिका 2019 पासून चालू आहे आणि तिच्यामुळे अनेकांना या खेळाची वाट सापडली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु तिच्यात नसलेली वैरे रंगविली जातात, अशी तक्रार करून खुद्द व्हर्स्टॅपननेच काही काळ तिच्यात भाग घेण्याचे नाकारले होते. ज्याच्या वैरावर जग पोसले गेले, त्यानेच खोट्या वैराबद्दल तक्रार करावी, यात गंमत आहे आणि थोडे शिक्षणही.

याचे परिणाम प्रेक्षकांच्या बाकांवर दिसतात. 2021 साली सिल्व्हरस्टोननंतर हॅमिल्टनवर वर्णद्वेषी शिव्यांचा असा वर्षाव झाला की, संघटनेला आणि त्याच्या संघाला जाहीर निषेध करावा लागला. अबुधाबीनंतर लातिफीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याचा गुन्हा एवढाच की, त्याची मोटार नको त्या वेळी घसरली. 2022 साली ऑस्ट्रियात हॅमिल्टनची मोटार अडथळ्यावर आदळली, तेव्हा प्रेक्षकांतून आनंदाचा गलका उठला. प्रतिस्पर्धी मागे पडला म्हणून हसणे आणि तो आदळला म्हणून हसणे यांत केसाएवढे अंतर आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने इमोलाची चित्रफीत पाहावी. हे अंतर व्हर्स्टॅपनलाही कळते, हॅमिल्टनलाही कळते. मोटारीत न बसणाऱ्यांनाच ते कळेनासे होते. आपल्याकडील क्रिकेटच्या बाबतीत याहून निराळा अनुभव आहे, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय?

नव्याने या नादास लागणाऱ्या विद्यार्थ्याला एकच गोष्ट सुचवावीशी वाटते. विजेत्यापासून आरंभ करू नये. एखादा मधला संघ निवडावा आणि त्यातील दोन चालकांवर लक्ष ठेवावे. प्रत्येक संघाचे दोन चालक असतात आणि दोघांच्या मोटारी जवळजवळ सारख्या असतात. तेव्हा यंत्राचा आक्षेप येथे आपोआप गळून पडतो. शनिवारच्या वेळेच्या चाचणीत या दोघांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडला तरी तो माणसाचा फरक असतो. हॅमिल्टन आणि निको रॉझबर्ग यांच्यात हेच घडले. दोघे पोरवयातील छोट्या मोटारींच्या शर्यतींपासूनचे सोबती. मर्सिडीज संघात एकत्र आल्यावर मैत्री आटली. 2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षे हॅमिल्टनने जिंकली. 2016 साली रॉझबर्गने सारी शक्ती एकवटून 385 विरुद्ध 380 अशा पाच गुणांनी त्याला मागे टाकले, आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.